गोल काउंटरच्या विनियरखाली बेस कशाचा? थोडी पार्श्वभूमी

जळगावच्या सराफ दुकानातलं काउंटर असो की धुळ्यातल्या दवाखान्याचं रिसेप्शन, समोरची बाजू गोल पाहिजे आणि वरून विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा पाहिजे, ही मागणी आता नेहमीची झालीय. विनियर कोणतं घ्यायचं यावर गिऱ्हाईक तासभर घोळ घालतं, बेस, म्हणजे विनियरखालचं वळवलेलं अंग, मात्र मिस्त्रीवर सोडून देतं, आणि खरा वाद बेसचाच आहे.

जुनं थोडक्यात सांगतो. इकडे सातपुड्याचा साग होता, यावल-चोपड्याकडचा, तळोदा-अक्कलकुव्याकडचा, त्यामुळे वळणदार काम म्हटलं की अख्खं लाकूड कोरायचं. तुकडे जोडून गोलाई आणणं पण ठाऊक होतंच, बैलगाडीच्या चाकाचा घेर तसाच बनतो, वरून लोखंडी धाव बसते म्हणून तो धरून राहतो. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये पोट फुगलेली ड्रॉवरची कपाटं निघाली त्यांचाही बेस असाच, साधं लाकूड तासून घडवलेला, आणि वर सरसाने चिकटवलेलं विनियर.

पुढचं सगळं गोंदावर आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान लाकडी होतं, बॉडीत बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा आणि दोन्हीकडून बर्चचा प्लाय, साच्यावर दाबून वळवलेला, म्हणजे आपण आज करतो तेच काम. १९४४ मध्ये हिंदुस्थानात आणलेल्या यातल्या काही विमानांचे सांधे सुटले, मग इथल्या हवेने गोंद गेला की कारखान्यात जोडणीच नीट झाली नव्हती यावर भांडण लागलं. दुधापासून केलेल्या गोंदाची जागा तोवर फॉर्मल्डिहाइडवाल्या गोंदाने घ्यायला सुरुवात केलीच होती, आणि पुढे फर्निचरला पण तोच आला.

आपल्याकडे प्लायचं गणित बदललं १९९६ च्या डिसेंबरात. सुप्रीम कोर्टाच्या जंगलतोडीवरच्या आदेशाने ईशान्येकडच्या कितीतरी प्लाय आणि विनियर मिल बंद पडल्या, धंदा सरकला, हरियाणातल्या यमुनानगरकडचा पॉप्लर-निलगिरीचा प्लाय सगळीकडे दिसायला लागला. २०१४ ला म्यानमारने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, प्लायला लागणारं गर्जन लाकूड महागलं. मधल्या काळात एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, पण गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचलं होतं.

तर आता वाद असा की एमडीएफला मागून काप द्यायचे की फ्लेक्सी प्लायचे, म्हणजे एका दिशेने वाकणाऱ्या प्लायचे, थर चिकटवायचे. काप देणारे म्हणतात स्वस्त पडतं, गुळगुळीत असतं, मागून मशीन फिरवायची, पुढे दोन-तीन मिलीमीटर पापुद्रा ठेवायचा आणि वाकवायचं. खरंय, पण बोर्ड वाकतो तो फक्त कापापाशी, दोन कापांमधली पट्टी सपाटच राहते, आणि विनियर अर्धा मिलीमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे चकचकीत पॉलिश झालं की बाजूने लाइट पडल्यावर उभे पैलू मोजून घ्या. काप जवळजवळ घेतले तर कमी दिसतात पण मग त्यात ताकद काय उरते. शिवाय खालची कड पोछा मारताना रोज भिजते. एका मिस्त्रीने एका वाक्यात निकाल लावला होता, ‘पाणी लागनं का फुगी जास भो.’

फ्लेक्सीत वरचे-खालचे थर जाड आणि एकाच दिशेचे, मधला आडवा थर अगदी पातळ, म्हणून एका बाजूने सहज गुंडाळतो. एकच शीट लवलवतं, दोन तरी पाहिजेत, तीन असले तर उत्तम, कारण साच्यातून काढल्यावर वळण थोडं उघडतंच आणि थर वाढले की ते कमी उघडतं. इथं लोक पांढरा गोंद वापरतात तिथे फसतात, तो सुकल्यावरही हळूहळू सरकतो, पावडर-हार्डनरवाला युरिया गोंद सरकत नाही. दुसरं म्हणजे फ्लेक्सीचं तोंड खरबरीत, त्यावर त्याच दिशेने विनियर मारलं की उन्हाळ्यात बारीक चिरा येतात, आणि आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, लगेच जूनमध्ये ओल. फ्लेक्सी आणि विनियरच्या मध्ये एक आडवा पातळ थर टाकला की बरंचसं निभतं, मागच्या बाजूलाही विनियर किंवा त्याच जाडीचं काहीतरी मारावं लागतं नाहीतर पॅनल पिळतो. एवढं सगळं धरूनही मी फ्लेक्सीच म्हणेन, निदान गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर येणाऱ्या बाजूला तरी.

बाजारात विनियर बहुतेक प्लायवर चिकटवून चार मिलीमीटरच्या शीटमध्येच मिळतं, ते टाइट गोलाईत वाकत नाही, तडकतं, म्हणून कागदाची पाठ असलेलं किंवा सुटं विनियर मागवावं लागतं. आणि साचा? एकाच नगासाठी इकडे साचा कोणी करत नाही. प्लायच्या गोल कापलेल्या रिब्ज, म्हणजे फासळ्या, जवळजवळ उभ्या करतात, त्यावरच फ्लेक्सीचा पहिला थर गोंद-पिना मारून बसवतात आणि दुसरा त्याच्यावर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे ठेवून.