‘बघतो’चं वजन

आमच्या मामांची साखर गेली काही वर्षं ‘बॉर्डर’वर आहे. त्यांच्या फाइलमधल्या प्रत्येक चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एकच ओळ असते: ‘वजन कमी करा, रोज चाला.’ अलीकडे तिच्याखाली दोन रेघा येऊ लागल्यात. मामांचं वजन मात्र वाढतंय, आणि घरात निकाल लागून गेलाय की मामांना जिद्दच नाही.

मला हा निकाल मान्य नाही. चालणं चांगलं असतं हे माहीत नसलेला माणूस आज शोधून सापडायचा नाही. मामांनाही ते पटतं. पण पहाटेची झोप, कुरकुरणारे गुडघे, पावसाचे चार महिने हेही त्यांना तितकंच पटतं. अशा दुविधेतल्या माणसापुढे डॉक्टरांनी चालण्याची बाजू घेतली, की मामांच्या वाट्याला उरते न चालण्याची. मग ते तीच मांडतात. ‘अहो, पण सकाळी दूध, पेपर, पूजा...’ आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो, ते त्याला अधिक पटत जातं. डॉक्टर जितके जोरात सांगणार, मामा तितके घट्ट बसणार.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते दारूच्या व्यसनावर काम करताना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक लेख लिहून समुपदेशनाची उलटी रीत मांडली: पटवू नका, रुग्णालाच बोलतं करा. पुढे १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की समुपदेशक जितका रुग्णाला फैलावर घेई, तितकी त्या रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त असे. या रीतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आपण ‘प्रेरक संवाद’ म्हणू.

त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. कल्पना करा, समोर मामांसारखेच कोणी बसलेत.

‘काका, चालायला लागणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा.’

‘असेल चार.’

आपण लगेच विचारू, ‘चारच? आठ का नाही?’ झालं! काका न चालण्याची कारणं सांगायला मोकळे. प्रशिक्षित समुपदेशक मात्र खालच्या बाजूला जातो: ‘चार का? एक का नाही?’

आता काकांना एकपेक्षा चार का, याचं समर्थन करावं लागतं. ‘एक कसं म्हणू? परवा नातीला कडेवर घेऊन दोन जिने चढलो तर धाप लागली.’ वकीलपत्र फिरलं. तेही कोणी न ढकलता.

पुढचा भाग भाषेचा आहे, जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. पॉल ॲमराइन या भाषा-मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सहकाऱ्यांसोबत व्यसनी रुग्णांच्या अशा मुलाखतींतली वाक्यं निवडून त्यांची ताकद मोजली. इच्छा, क्षमता, कारण, गरज आणि निर्धार असे त्यांचे प्रकार पाडले. मराठीत हे क्रियापदातच दिसतं: ‘जावंसं वाटतं’, ‘जाता येईल’, ‘जायला हवं’, ‘जातो’. पुढे व्यसन सुटेल का, याचा अंदाज मिळाला तो निर्धाराच्या वाक्यांवरून. बाकीचे प्रकार त्या निर्धाराला खतपाणी घालत होते. त्यातही मुलाखतीच्या सुरुवातीला कोण किती ठामपणे बोललं याला फारसा अर्थ नव्हता. ती ताकद शेवटाकडे चढत गेली का, हे महत्त्वाचं होतं. (मराठीतल्या ‘बघतो’ला त्या मोजपट्टीवर किती गुण मिळतील, हे तुम्हीच ठरवा.)

वजनावर याचा उपयोग किती? २०११ मध्ये ११ चाचण्यांचा एकत्रित हिशेब झाला. प्रेरक संवाद मिळालेल्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे दीड किलो जास्त घटलं होतं. दीडच! महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या पावडरी आणि पोटाची चरबी ‘वितळवणारे’ पट्टे विकणाऱ्यांना हसू येईल. हसू द्या, चरबी लोण्यासारखी वितळत नसते, एवढं शाळेत शिकलेलं त्यांनाही आठवत असेल.

नुसत्या संवादावर भागतही नाही. रोजचं खाणं लिहून ठेवणं, फरसाणाचा डबा नजरेआड ठेवणं, झेपेल एवढंच लक्ष्य घेणं ही वर्तन-उपचाराची साधी कामं त्याला जोडावी लागतात. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत ३,२३४ जण होते. त्यांतल्या जीवनशैली गटाचं लक्ष्य होतं वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक आणि १६ धडे मिळाले. २००२ मध्ये निकाल छापून आला: नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला. २००६ च्या त्या निकालात, आहार-व्यायामाचा सल्ला आणि पाठपुरावा मिळालेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. गंमत म्हणजे त्यांचं सरासरी वजन घटलंच नव्हतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

गेल्या रविवारी मामांना तो शून्य-ते-दहाचा प्रश्न विचारून पाहिला. मी काही समुपदेशक नाही, त्यामुळे मध्येच दोनदा उपदेश केलाच. मामा म्हणाले, ‘पाच.’ ‘दोन का नाही?’ म्हटल्यावर चहा गार होईपर्यंत बोलत राहिले. जाताना नेहमीसारखं म्हणाले, ‘बघतो.’

मग अर्धा जिना उतरून थांबले आणि वर बघून विचारलं, ‘बूट कुठले घ्यावेत रे चालायला?’