लोअर युनिटला तडा गेलाय असं वाटलं, तर पुट्टी लावण्याआधी हे वाचा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर आल्या की आमच्या वर्कशॉपमध्ये ओबीएमच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) लोअर युनिटची, म्हणजे पंखा आणि गिअर असलेल्या खालच्या भागाची, रांग लागते. दहातले निम्मे जण एकच वाक्य बोलतात, "खडकाला लागलंय, तडा गेलाय, वेल्डिंग मारून द्या." आणि त्यातल्या बऱ्याच युनिटवर पुट्टीचा जाड थर आधीच बसलेला असतो.

आमची कळकळीची विनंती आहे, दोन गोळे मळून लावायची ती पुट्टी लावू नका. आहे तसं युनिट आणा, आतलं ऑइलही काढू नका.

मालवण-तारकर्लीला खडक काही कमी नाहीत. सुकतीला (ओहोटीला) फूटभर अंदाज चुकला की लोअर युनिट आपटतं, आणि ओतीव ॲल्युमिनियम वाकण्याआधी तडकतं. पण गिअर ऑइलमध्ये पाणी दिसलं म्हणजे तडाच गेला, असं नाही. आमच्या अनुभवात जास्त वेळा दोषी निघतो तो पंख्यामागचा सील, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी. पाण्यात सुटलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) पंख्याच्या शाफ्टला गुंडाळतो, आत सरकतो आणि सीलची कड कापतो. मग ऑइल तिथून झिरपतं, गिअरकेसच्या (गिअरभोवतीच्या ओतीव कवचाच्या) अंगावरून खाली ओघळतं आणि स्केगच्या, म्हणजे पंख्याखालच्या पात्याच्या, टोकाशी ठिबकतं. बघणाऱ्याला वाटतं, तडा स्केगच्या वर आहे.

गेल्या सीझनला असंच एक युनिट आलं. स्केगच्या वर वीतभर पुट्टी होती. ती घासून काढायला आमच्या मुलाचा अर्धा दिवस गेला. खाली काय निघालं? रंगावरचा ओरखडा. तडा नव्हताच. पंखा उतरवला तर मागे तंगुसाचं वेटोळं, बोटाएवढं जाड. मालकांनी पुट्टीच्या भरवशावर महिनाभर बोट चालवली होती. तेवढ्यात बेअरिंग गंजली आणि गिअरच्या दातांना खड्डे पडले. जे काम दोन सीलमध्ये भागलं असतं, त्याला नवा गिअर सेट लागला.

खरा तडा असला तरी पुट्टी नुकसानच करते. ऑइल मुरलेल्या धातूवर ती धरत नाही. वेल्डिंगच्या वेळी तड्यात शिरलेली पुट्टी जळते, काजळी धरते आणि टाका सच्छिद्र होतो. ती पूर्ण काढायची तर चांगला धातूही घासला जातो.

घरी एक तपासणी जरूर करा. इंजिन रात्रभर उभं ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करा, चार थेंब बघा आणि लगेच आवळा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर इंजिन चालवू नका. आम्हाला फोन करा.

आमच्याकडे आल्यावर ऑइल आम्ही काढतो, कारण त्याच्या रंगावरून आणि त्यातल्या धातूच्या कणांवरून आतली हालत कळते. मग वरच्या भोकाला गेजचा पंप लावून हवा भरतो. दाब आधी 5 पीएसआयच्या आसपास, कारण काही सील जास्त दाबाला घट्ट बसतात आणि कमी दाबालाच गळतात. नंतर 10 ते 15. युनिट टाकीत बुडवून शाफ्ट हाताने फिरवायचा. बुडबुडे कुठून येतात ते तुम्हालाही उभं राहून बघता येतं. बारीक तड्यासाठी लाल डाय लावतो, पुसतो, वर पांढरा डेव्हलपर मारतो. तडा असला तर लाल रेघ वर येते.

"बाहेर अर्ध्या तासात आर्गन वेल्डिंग मारून देतात, तुम्हाला तीन दिवस कशाला?" हे आम्ही नेहमी ऐकतो. गिअर, बेअरिंग, सील आत ठेवून वेल्डिंग केलं तर रबर जळतं आणि बेअरिंगची बैठक वाकते. आम्ही सगळं उतरवतो, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतो म्हणजे तो पुढे पळत नाही, खाच करतो, धातू गरम करून मुरलेलं ऑइल बाहेर काढतो आणि थोडंथोडं वेल्डिंग करून थंड होऊ देतो. शेवटी पुन्हा दाबाची तपासणी. तडा बेअरिंगच्या बैठकीतून गेला असेल तर आम्ही वेल्डिंगला नाही म्हणतो. तिथे केसच बदलावी लागते, आणि ते आम्ही काम हातात घेण्याआधीच सांगतो. तुटलेला स्केग मात्र बिनधास्त आणा, तो चांगला जोडला जातो.

काही तडे घरीच पडतात. खाऱ्या पाण्याने बेअरिंग कॅरियर (पंख्यामागे बेअरिंग आणि सील धरून ठेवणारा भाग) केसमध्ये घट्ट बसतो आणि कोणीतरी त्यावर हातोडा घालतो. वर्षातून एकदा तो उतरवून मरीन ग्रीस लावून घेतला तर ही वेळ येत नाही.

ऑइल खालच्या भोकातून भरा. वरून बुडबुड्यांशिवाय यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. दोन्ही वॉशर दर वेळी नवे टाका. ते आमच्या काउंटरवर सुटे मिळतात.

येताना पंखा सोबत आणा आणि इंजिनावरच्या नंबरपट्टीचा फोटो काढून ठेवा. जूनमध्ये दिलेलं काम निवांत होतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात सगळेच येतात, तेव्हा पार्ट मुंबईहून यायलाच चार दिवस लागतात.