पाणी उकळतंय की धूर तापतोय? जुन्या डिझेल पिकअपचे दोन वेगळे बिघाड

एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेल्या जुन्या टर्बो डिझेल पिकअपची खरी परीक्षा आंबा घाटात होते. दुसरा गिअर, पूर्ण रेस, वेग कमी म्हणून समोरून वारा नाही, आणि तापमानाचा काटा चढू लागतो. ‘गाडी गरम होते’ एवढ्या तक्रारीवर रेडिएटर (इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी) बदलला जातो आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. या एकाच तक्रारीमागे दोन बिघाड असू शकतात. एकात पाण्याला इंजिनची उष्णता बाहेर नेता येत नाही. दुसऱ्यात डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा डिझेल उशिरा जळतं, आणि इंजिनातून बाहेर पडणारा धूरच प्रमाणाबाहेर तापून मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा पाइप) आणि टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) भाजून काढतो.

काटा फक्त पाण्याचं तापमान सांगतो. निरोगी इंजिनात ते ८५ ते ९५ अंशांच्या आसपास राहतं. मॅनिफोल्डमधला धूर मात्र चढावर सहज ५०० अंशांच्या वर जातो, आणि ७०० च्या पुढे बराच वेळ राहिला तर टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात येतात. हे सगळं होत असताना काटा मधोमध असू शकतो. उलट, पाणी गळून सेन्सर कोरडा पडला तर काटा एकदम खाली येतो आणि इंजिन थंड झाल्याचा भास होतो. चढावर काटा अचानक पडला, तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या.

आधी गाडी कधी तापते ते पाहा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष फॅनकडे. इंजिन बंद करून, ते गरम असतानाच व्हिस्कस फॅन (रेडिएटरमागचा, गरम झाल्यावर जोर धरणारा पंखा) हाताने फिरवा. अडत अडत फिरला तर ठीक. मोकळा गरगर फिरला तर फॅनचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा भाग) गेला. वेगात, लोडवर तापते आणि धूर साफ आहे, तर रेडिएटर तपासा. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) जाळीवर आडवी-उभी फिरवा. मध्येच थंड पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. बोअरचं पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाडीत हे हमखास होतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं की टळतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे काळी टेप लावून मोजा. एसी असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फट बघाच. तिथला भुसा आणि किडे समोरून दिसत नाहीत.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणे हा गॅरेजमधला आवडता इलाज आहे, पण तो चुकीचा आहे. अनेक इंजिनांत गरम झालेला थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत इंजिनात जातं.

धुराच्या बाजूचा बिघाड वेगळा दिसतो. लोड आला की काळा धूर, ॲव्हरेज घटलेलं, गाडीची ओढ कमी, आणि अंधारात घाट चढून थांबल्यावर मॅनिफोल्ड लालसर. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, तो बुजलेला नाही ना ते पाहा. मग इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज पाहा. क्लिपजवळ तेलकट काळा डाग असेल, तर तिथून टर्बोची हवा निसटते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला, तर ताज्या हवेच्या जागी धूरच पुन्हा आत येतो. त्यानंतर नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड) टेस्टिंग आणि डिझेल पंपाचं टायमिंग. टायमिंग मागे पडलं की डिझेल उशिरा जळतं आणि धूर जास्त तापतो. ‘पंप वाढवून’ (पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडायला लावून) घेतलेली गाडी असेल तर स्क्रू आधी मूळ जागी आणा. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की चढावर ताकद थोडी मिळते, पण धुराचं तापमान झपाट्याने वाढतं. सायलेन्सर आतून कोसळला असेल तरी असंच होतं. ठोकून पाहिला की आत खडखड ऐकू येते.

घाट संपल्यावर लगेच चावी काढू नका. दोन-तीन मिनिटं आयडलला (रेस न देता जागेवर सुरू) ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसतं. काटा लालवर असेल तर मात्र गाडी आयडलवर फार वेळ ठेवू नका. हीटर पूर्ण चालू करा, काटा उतरला नाही तर इंजिन बंद करा. रेडिएटरचा वरचा होज हातात धरवेल इतका निवल्याशिवाय त्याची कॅप उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

पाण्याची आणि धुराची, दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढून स्टार्ट करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावून सुरू केल्यावर पाणी तापायच्या आतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर जळालेला गॅस पाण्यात शिरतो आहे. पॅकिंग बदलताना हेडची सपाटी तपासून घ्या. पंप, नोझल आणि हवेचा बिघाडही त्याच वेळी काढा, कारण धूर तसाच तापत राहिला तर नवं पॅकिंगही जळतं.