पार्श्वभूमी: १०० की ११४.३? सुबारूच्या हबची गोष्ट

सुबारू या जपानी कंपनीच्या इम्प्रेझा किंवा फॉरेस्टरची चाकं बदलायला घेतली की आजही पहिला प्रश्न पीसीडीचा येतो. चाक जिथे बसतं त्या हबवरचे स्टड (खिळे) ज्या वर्तुळावर असतात, त्याचा मिलिमीटरमधला व्यास म्हणजे पीसीडी. १०० की ११४.३? या गोंधळाचं मूळ २००५ च्या मॉडेलसाठी झालेल्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९७२ मध्ये फोर-व्हील-ड्राइव्ह होऊन आलेल्या लिओनेला चार स्टड होते, १४० मिमीवर. १९८९ ची लेगसी आणि १९९२ ची इम्प्रेझा पाच स्टड आणि १०० मिमी घेऊन आल्या. १९९५ ते १९९७ सलग तीन वर्षं सुबारूला जागतिक रॅलीत उत्पादकांचं विजेतेपद मिळालं आणि रस्त्यावरच्या गाड्यांवरही रुंद टायर, कडक स्प्रिंगा चढू लागल्या. तो सगळा भार हबवर येत होता. २००० नंतरच्या इम्प्रेझांत मागच्या बेअरिंगचा घुमणारा आवाज ही नेहमीची तक्रार झाली.

२००५ मध्ये एसटीआयचं, म्हणजे इम्प्रेझाच्या सर्वांत वेगवान आवृत्तीचं, चाक साडेसात इंचांवरून आठ इंच रुंद झालं, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचं अंतर) ५३ मिमीच राहिला, पण हब आणि बेअरिंग मोठी झाली आणि पीसीडी ११४.३ वर गेला. यांत्रिकदृष्ट्या हा निर्णय बरोबरच होता. चुकलं ते पुढे. एसटीआय बदलली, पण तिच्या खालची आवृत्ती, साधी डब्ल्यूआरएक्स, २०१४ पर्यंत १०० वरच ठेवली. आउटबॅक २०१५ ला बदलली, फॉरेस्टर २०१९ ला. एकाच घराण्यातल्या गाड्यांची चाकं एकमेकींना बसेनाशी झाली आणि जुनी चाकं घेणाऱ्यांची दहा वर्षं फसगत होत राहिली. पाच स्टडमध्ये समोरासमोर स्टड नसल्यामुळे पीसीडी सरळ मोजता येत नाही. त्यासाठी शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर मोजावं. ५८.८ मिमी भरलं तर १००, ६७.२ भरलं तर ११४.३.

या दरीवर बाजाराने काढलेला उपाय म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसवायची जाड तबकडी, म्हणजेच अ‍ॅडॅप्टर. २५ मिमीचा अ‍ॅडॅप्टर लावला की ५३ ऑफसेटचं चाक २८ ऑफसेटसारखं बाहेर येतं. टायर फेंडरला घासतो, स्टिअरिंग खड्ड्यात झटके देतं आणि आधीच कमकुवत असलेल्या १०० च्या बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी हब बदलला, तेच दुखणं परत आणलं जातं. लावायचाच असेल तर ५६.१ मिमीच्या हबवर नेमका बसणारा घ्यावा, गाडीचे मूळ स्टड त्याच्या बाहेर डोकावत नाहीत ना हे पाहावं, आणि ५०-८० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. कायमचा उपाय म्हणजे नकल (हब ज्यात बसतो तो भाग), हब, बेअरिंग आणि ब्रेकच्या डिस्क संचानेच बदलणं. काही गाड्यांत मागचे एक्सलही लागतात.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची दुसरी अट टायरची, ती जुनी आहे आणि अजून बदललेली नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलला व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दाट द्रवाच्या ओढीवर चालणारा जोड, असतं. चारही टायरच्या परिघांत पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.४ मिमीपेक्षा जास्त फरक नको, असं गाडीसोबतच्या सूचनांत असतं. ६.४ मिमी परिघ म्हणजे ट्रेडच्या खोलीत जेमतेम १ मिमी. चार मिमीपर्यंत झिजलेल्या तीन टायरांसोबत आठ मिमीचा एक नवा टायर बसवला की फरक २५ मिमीवर जातो, मर्यादेच्या चौपट. मग सरळ रस्त्यावरही कपलिंग घसरत राहतं, तापतं आणि शेवटी जाम होतं. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी अडखळली, तर पहिला संशय याच कपलिंगवर घ्यावा. एक टायर फुटला तर चारही बदलणं किंवा नवा टायर घासून बाकीच्यांइतका करून घेणं, हेच दोन मार्ग उरतात.

गेल्या काही वर्षांत गाडी खाली बसवण्यापेक्षा उंच करण्याकडे कल जास्त आहे. खाली बसवताना खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर गेला की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, झपाट्याने उतरतं, आणि कडक स्प्रिंग असूनही गाडी वळणावर झुकते. बॉल जॉइंटची उंची बदलल्याशिवाय ते सुधारत नाही. उंच करताना नुसता स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबावर) स्पेसर टाकला तर पुढे कॅम्बर पॉझिटिव्हकडे जातो, म्हणजे चाक वरून बाहेर झुकतं, आणि मागचं चाक कमानीत पुढे सरकतं, कारण ट्रेलिंग आर्मचा सांधा चाकाच्या पुढे असतो. म्हणून त्या सांध्याच्या ब्रॅकेटखालीही स्पेसर लागतो. ५० मिमीच्या पुढे चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात, तेव्हा सबफ्रेमही (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) खाली घ्यावी लागते. २००८ च्या इम्प्रेझापासून मागे स्ट्रटऐवजी डबल विशबोन आले, त्यामुळे आधीच्या गाड्यांची किट त्यांना चालत नाहीत.

भारतात २००० च्या दशकात शेवरोलेच्या नावाने आलेली फॉरेस्टर १०० चीच. पोलो, व्हेंटो, रॅपिडचा पीसीडीही ५×१००, मधलं भोक ५७.१ मिमी, म्हणून फरक भरणारी रिंग टाकून त्यांची चाकं बसतात. ऑफसेट मात्र वेगळा असतो, तो आधी पाहावा. आणि त्या गाड्यांच्या मूळ चाकांत बोल्टची बैठक गोल असते, सुबारूचा नट ६० अंशांचा शंकूच्या आकाराचा. गोल बैठकीत शंकू कडेपुरताच टेकतो, आवळलेला वाटतो आणि काही किलोमीटरांत सैल होतो. गोल बैठकीचे, एम१२×१.२५ आट्यांचे नट घ्यावेत आणि ९० ते १०० न्यूटन-मीटरला आवळावेत.