क्राउन लिकर सलून, बेलफास्ट

उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथील व्हिक्टोरियन काळातील प्रसिद्ध पब. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील या पबचे जुने नाव ‘रेल्वे टॅव्हर्न’. रेल्वेस्थानक जवळच असल्याने ते साहजिकच होते. आजचे देखणे रूप त्याला १९व्या शतकाच्या अखेरीस मालक पॅट्रिक फ्लॅनगन याने दिले. चर्चच्या बांधकामांसाठी बेलफास्टमध्ये आलेल्या इटालियन कारागिरांना त्याने दिवसाचे काम संपल्यावर येथे राबवले, असे परंपरेने सांगितले जाते. लाल ग्रॅनाइटचा माथा असलेला, चर्चमधील वेदीची आठवण करून देणारा बार पाहिला की ते खरे वाटू लागते.

दर्शनी भागावर रंगीबेरंगी चकचकीत फरशा आहेत. प्रवेशद्वारापाशी जमिनीवर मोझेकमध्ये मुकुट काढलेला आहे. राजनिष्ठ पत्नीच्या हट्टाखातर फ्लॅनगनने ‘क्राउन’ हे नाव तर ठेवले, पण येणाऱ्याजाणाऱ्याने त्यावर पाय पुसावेत म्हणून मुकुट जमिनीवर घातला, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, ब्रिटिश राजनिष्ठा आणि आयरिश राष्ट्रवाद यांत विभागलेल्या बेलफास्टच्या राजकारणाला शोभणारी आहे.

आतील खरे वैशिष्ट्य म्हणजे ‘स्नग’ म्हणून ओळखले जाणारे लाकडी कप्पे. ए ते जे अशी अक्षरे दिलेल्या या दहा कप्प्यांना दारे असून, चारचौघांत पिताना दिसू नये असे ज्यांना वाटे त्यांची येथे सोय होई. कप्प्यातील घंटेचे बटण दाबले की बाहेरच्या फलकावर खूण होई आणि नोकर मागणी घेण्यास येई. काडी ओढण्यासाठी भिंतीवर गनमेटलच्या पट्ट्याही बसवलेल्या आहेत.

विसाव्या शतकात इमारतीची रया गेली होती. त्यातच या राजकीय संघर्षात समोरच्या युरोपा हॉटेलवर वारंवार झालेल्या बॉम्बस्फोटांचे तडाखे तिलाही बसले. कवी जॉन बेट्जमन आदींनी तिच्या जतनासाठी आग्रह धरल्यावर १९७८ मध्ये वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ती विकत घेतली आणि १९८१ मध्ये सुमारे चार लाख पौंड खर्चून तिचा जीर्णोद्धार केला. वास्तूचे वस्तुसंग्रहालय न करता तेथील पब चालूच ठेवला, हा या जीर्णोद्धारातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. २००७ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. गॅसचे दिवे आजही लागतात. काडी ओढण्याच्या पट्ट्या मात्र त्याच वर्षी एप्रिलअखेरीस धूम्रपानबंदी आल्यापासून नुसत्या शोभेच्या उरल्या आहेत.