ॲक्सोलॉटल मेक्सिकोतून काचेच्या टाकीत कसा आला

ॲक्सोलॉटल हा न्यूट आणि इतर सॅलॅमँडरांप्रमाणेच शेपटी असलेला उभयचर. आयुष्यभर पाण्यात राहतो आणि घरच्या टाकीतही सहज अंडी घालतो. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या ॲक्सोलॉटलांची वंशावळ मोठ्या प्रमाणात पॅरिसला जाऊन भिडते, आणि त्यामागे एक युद्ध आहे.

१८६० च्या दशकात फ्रेंच फौजा मेक्सिकोत उतरल्या होत्या. त्या मोहिमेच्या काळात ३४ जिवंत ॲक्सोलॉटल जहाजाने पॅरिसला पोहोचले. त्यांतले सहा, म्हणजे पाच नर आणि एक मादी, १८६४ च्या जानेवारीत तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील ऑग्युस्त द्युमेरील यांच्या हाती आले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला हा प्राणी म्हणजे एखाद्या अज्ञात सॅलॅमँडरचे पिल्लू असावे, असे मत फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी पूर्वीच मांडले होते. पण १८६५ च्या सुरुवातीला द्युमेरील यांच्याकडच्या मादीने अंडी घातली. पिल्लू अंडी कशी घालील? हा पेच सुटण्याआधीच दुसरा उभा राहिला: त्याच वर्षी काही पिल्लांचे कल्ले झडले आणि ती जमिनीवर राहणारे सॅलॅमँडर बनली. क्यूव्हिए चुकले नव्हते. फक्त हा प्राणी बालरूपातच वयात येतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

द्युमेरील यांनी ही संतती युरोपभर वाटली. मला त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते; त्यामुळेच ही पैदास एका संग्रहालयापुरती राहिली नाही. जर्मनीत मारी फॉन शोव्हँ यांनी १८७० च्या दशकात पाणी हळूहळू कमी करत नेऊन पिल्लांना जमिनीवर यायला लावले. पुढे १९१३ मध्ये, थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली की हाच बदल घडतो, हे प्रागमध्ये दिसून आले. अमेरिकेत रुफस हम्फ्री यांनी मोठी पैदास उभी केली. १९६२ मध्ये त्यांनी रंगहीनतेचा जनुक आणण्यासाठी टायगर सॅलॅमँडरशी संकर केला. आजचे सोनेरी ॲक्सोलॉटल त्या संकराचे वारसदार आहेत.

पैदाशीची रीत मात्र द्युमेरील यांच्या काळापासून तीच आहे. नर टाकीच्या तळाशी शुक्राणूंच्या चिकट पुड्या सोडतो, मादी त्या स्वतः उचलून घेते आणि मग वनस्पतींच्या पानांवर शेकडो अंडी चिकटवते. साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. त्यांना हलणारे, जिवंत खाद्यच लागते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जीवाची अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले उत्तम. गर्दी झाली की ती एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून त्यांना वेळीच वेगळे करावे. पाणी १६ ते १८ अंशांचे हवे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरशिवाय हा प्राणी ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे होय. शिवाय तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२२ च्या वन्यजीव दुरुस्ती कायद्यानुसार भारतात त्याच्या मालकीची आणि जन्मलेल्या पिल्लांचीही नोंदणी करावी लागते. एका विणीत शेकडो अंडी येतात, तेव्हा तेवढी पिल्ले कुठे जाणार याचा विचार जोडी लावण्याआधीच करायला हवा.

टाक्यांमध्ये तो असा उदंड असताना मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत काय चालले आहे? १९९८ मध्ये तिथे चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या गणनेत ३६. शहराचे सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची मुख्य कारणे. टाकीतले प्राणी तिथे नेऊन सोडणे हा त्यावर उपाय नाही: त्यांचा वंश मोजक्या पूर्वजांचा, त्यात परजातीचे रक्त, वर रोगाची भीती. म्हणून तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचे संशोधक चिनाम्पा, म्हणजे कालव्यांमधल्या बेटांसारख्या शेतांच्या, शेतकऱ्यांना सोबत घेऊन शेतांलगतच्या कालव्यांना गाळण्या बसवतात. त्यामुळे परके मासे बाहेर राहतात, आतले पाणी स्वच्छ होते आणि ॲक्सोलॉटलला आसरा मिळतो.