हिस्टोन परिवर्तने आणि क्रोमॅटिन

पेशीच्या केंद्रकातील डीएनए, त्याला आधार देणारी हिस्टोन प्रथिने आणि त्यांना बिलगून असणारी इतर प्रथिने व आरएनए यांच्या समुच्चयास क्रोमॅटिन म्हणतात. हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल, मिथिल, फॉस्फेट असे लहान रासायनिक गट चढतात आणि उतरतात; या फेरफारांना हिस्टोन परिवर्तने अशी संज्ञा आहे. कोणते जनुक वाचले जावे, कोणते मिटून ठेवावे आणि पेशीबाहेरून आलेल्या संदेशाला केंद्रकाने कसा प्रतिसाद द्यावा, यांत या परिवर्तनांचा वाटा असतो. हा वाटा किती मोठा याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

संज्ञा : रंजकद्रव्य चटकन शोषून घेणाऱ्या केंद्रकातील भागाला व्हाल्टर फ्लेमिंग यांनी क्रोमॅटिन हे नाव दिले. ते साल १८८२ असे सांगण्याचा प्रघात आहे, कारण त्या वर्षी त्यांचा पेशीविभाजनावरील ग्रंथ आला. शब्द मात्र त्याआधी दोन-तीन वर्षे त्यांच्या लेखनात दिसू लागला होता. हिस्टोन हा शब्द आल्ब्रेख्ट कॉसेल यांचा, १८८४ चा. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही कोशकार तो उभे करणे, थोपवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाकडे नेतात, तर काही 'हिस्टोस' या नामाकडे. हिस्टोस म्हणजे माग, त्यावरून विणलेले वस्त्र आणि पुढे शरीरातील ऊती. हिस्टोन जनुकांना थोपवतात हे नंतर कळल्यामुळे पहिली व्युत्पत्ती आकर्षक वाटते, पण ते ज्ञान कॉसेल यांना १८८४ मध्ये असणे शक्य नव्हते. त्यामुळे दुसरी अधिक सरळ दिसते. इचलकरंजीच्या वाचकाला माग हा अर्थ जवळचा वाटावा.

पृथक्करण : कॉसेल यांनी हिस्टोन हंसाच्या रक्तातून मिळवले. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक टिकून असते, म्हणून ही निवड. आज हा प्रयोग कोंबडीच्या रक्तावर सहज होतो, आणि कोल्हापुरात सकाळी लवकर चिकनच्या दुकानात गेल्यास ताजे रक्त मिळण्याची अडचण नसते. रक्ती-मुंडीसाठी जे बकऱ्याचे रक्त विकत मिळते ते येथे निरुपयोगी, कारण सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशींत केंद्रकच नसते. बाटलीत आधीच सोडियम सायट्रेट घालून नेले नाही तर विद्यार्थी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत रक्ताची गुठळी होते. पेशी मिठाच्या पाण्याने धुऊन सौम्य साबणद्रव्याने फोडल्या की केंद्रके तळाशी बसतात. त्यांवर चुकून तीव्र मीठ पडले तर सगळे काचकांडीला लोंबणाऱ्या चिकट लगद्यासारखे होते. हा लगदा म्हणजे सुटे झालेले क्रोमॅटिन. विरल सल्फ्युरिक आम्लात हिस्टोन विरघळतात, डीएनए मागे राहतो, आणि अ‍ॅसिटोन ओतल्यावर हिस्टोनांचा पांढरा साका खाली बसतो. अ‍ॅसिटिल गट पाहायचे असतील तर सुरुवातीच्या द्रावणांत सोडियम ब्युटिरेट घालावे लागते. ते विसरल्यास पेशीतीलच विकरे, म्हणजे एन्झाइम, काम चालू असतानाच हे गट काढून टाकतात आणि जेलवर, म्हणजे प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या लवचीक थरावर, पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

न्यूक्लिओसोम : क्रोमॅटिनचा पुनरावृत्त होणारा घटक. एच-२ए, एच-२बी, एच-३ व एच-४ या चार हिस्टोनांच्या प्रत्येकी दोन प्रती मिळून आठ प्रथिनांचा गाभा होतो. त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) डावीकडून पावणेदोनला थोडे कमी इतके वेढे घेतात. दोन गाभ्यांमधील मोकळ्या पट्ट्यापाशी एच-१ बसतो. शोधाच्या श्रेयाबाबत नोंदी वेगवेगळ्या आढळतात. ह्यूइश व बर्गोयन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या यकृतातील क्रोमॅटिन ठरावीक लांबीच्या पटीत तुटते असे दाखवले. ओलिन्स दांपत्याने १९७४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे घटक माळेतील मण्यांसारखे पाहिले (त्यांच्या नमुन्यांतही कोंबडीच्या तांबड्या पेशी होत्या). त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोन व सुमारे २०० बेस-जोड्या हे प्रमाण मांडले. न्यूक्लिओसोम हे नाव १९७५ मध्ये शांबाँ यांच्या प्रयोगशाळेतून आले. कॉर्नबर्ग यांना २००६ चे नोबेल यासाठी मिळाले असे विद्यार्थी सर्रास लिहितात. ते पारितोषिक प्रतिलेखनावरील, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्यावरील, कामासाठी होते. १९९७ मध्ये ल्यूगर, रिचमंड व सहकाऱ्यांनी ०.२८ नॅनोमीटर इतक्या बारकाव्याची स्फटिकरचना दिली आणि गाभ्याबद्दलचा वाद मिटला.

दोरीतील मणी ही उपमा आपल्याकडे कोल्हापुरी साजावरून समजावतात. जवमणी आणि पानड्या जशा एकाआड एक, तसे गाभे आणि मोकळे पट्टे. उपमा दिसायला चांगली, पण एका ठिकाणी फसवते. साजात दोरा मण्याच्या पोटातून जातो, येथे तो मण्याच्या अंगाभोवती वळसे घेतो. भोवऱ्याला गुंडाळलेली जाळी हे चित्र जास्त खरे, कारण जाळी सैल करता येते, आणि पुढचे सगळे नियमन या सैल करण्यावरच चालते.

तीस नॅनोमीटर तंतूचा वाद : मण्यांची माळ पुढे कशी घडी होते? फिंच व क्लूग यांनी १९७६ मध्ये प्रत्येक वळशात सहा न्यूक्लिओसोम असलेल्या, सुमारे ३० नॅनोमीटर जाडीच्या मळसूत्राची कल्पना मांडली. दुसऱ्या पक्षाने मणी नागमोडी समोरासमोर येतात असा आग्रह धरला, आणि २००५ मधील चार न्यूक्लिओसोमांच्या स्फटिकरचनेने या पक्षाला बळ दिले. पाठ्यपुस्तकांत आजही यांपैकी एक आकृती हमखास असते. गोठवलेल्या पेशींचे छेद थेट पाहू लागल्यावर मात्र तंतूच सापडेना. २००८ मध्ये विभाजन पावणाऱ्या मानवी पेशींत तो दिसला नाही. २०१७ मध्ये मानवी पेशींवरील आणखी एका तंत्राने ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या दाखवल्या. तो जेथे स्पष्ट दिसतो अशा मोजक्या पेशींपैकी एक म्हणजे कोंबडीची तांबडी पेशी. या पेशीत एच-५ नावाचा खास, घट्ट बांधणारा हिस्टोन असतो आणि तिची जनुके जवळजवळ सगळी गप्प असतात. जिच्यातून हिस्टोन सर्वांत सोयीने मिळाले तीच पेशी सर्वांत कमी बोलकी निघाली. जिवंत, कामकरी पेशीतील क्रोमॅटिन अनियमित व हलते असते, हे मत प्रस्तुत नोंदीत ग्राह्य धरले आहे.

परिवर्तनांचे स्वरूप : हिस्टोनांची शेपटीसारखी टोके गाभ्याबाहेर लोंबत असतात आणि त्यांतील लायसीन या अमिनो आम्लांवर धनभार असतो. अ‍ॅसिटिल गट चढला की तो भार नाहीसा होतो, ऋणभारित डीएनएशी असलेली पकड सैल पडते. एच-४ वरील १६ व्या लायसीनाचे अ‍ॅसिटिलीकरण एकट्यानेही घट्ट घडी रोखते, हे २००६ मध्ये परीक्षानळीत दिसले. मिथिल गटाने भार बदलत नाही. तो इतर प्रथिनांना बसायला जागा देतो. एच-३ च्या ९ व्या लायसीनावर तीन मिथिल गट असले की एचपी-१ हे प्रथिन तेथे बसते व भाग मिटतो. ४ थ्या लायसीनावरील तीन मिथिल गट चालू जनुकांच्या आरंभी आढळतात. २७ वे लायसीन दुहेरी आहे : मिथिल असेल तर जनुक बंद, अ‍ॅसिटिल असेल तर दूरस्थ नियामक पट्टा चालू.

अ‍ॅसिटिलीकरणाचा आरएनए निर्मितीशी संबंध ऑलफ्री, फॉकनर व मर्स्की यांनी १९६४ मध्येच सुचवला होता. विकर हाती नसल्याने सूचना तीस वर्षे पडून राहिली. १९९६ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशी जीवात अ‍ॅसिटिल चढवणारे विकर सापडले आणि ते यीस्टमधील आधीच माहीत असलेल्या जनुक-चालक प्रथिनाचे भावंड निघाले. त्याच वर्षी श्रायबर यांच्या गटाने गट उतरवणारे विकर ओळखले. मिथिल चढवणारे विकर २००० मध्ये आणि उतरवणारे २००४ मध्ये आले. तोवर मिथिल गट कायमचा असे मानले जाई.

संदेशवहनाशी दुवा : उपाशी माणसाच्या रक्तात ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढते. यकृतपेशीत त्यामुळे चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, क्रेब या प्रथिनावर फॉस्फेट बसतो आणि सीबीपी हे अ‍ॅसिटिल चढवणारे विकर त्याला येऊन चिकटते. ग्लुकोज घडवणाऱ्या जनुकांचे क्रोमॅटिन सैल होते. थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे ते पकडणारे प्रथिन, याहून वेगळा. तो संप्रेरक नसतानाही डीएनएवर बसून असतो आणि अ‍ॅसिटिल उतरवणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतो, संप्रेरक आल्यावर त्यांना सोडून चढवणाऱ्यांना जवळ करतो. पेशीतील अन्नसाठाही येथे बोलतो, कारण अ‍ॅसिटिल गट अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-ए मधून येतो आणि सर्टुइन विकरांना गट उतरवण्यासाठी एनएडी हा साहाय्यक रेणू लागतो.

वाढीचा संदेश मिळताच एच-३ च्या १० व्या सेरीनावर (हेही एक अमिनो आम्ल) काही मिनिटांत फॉस्फेट चढतो; एच-३ वर असा झटपट फॉस्फेट चढतो हे महादेवन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये नोंदवले. फॉस सारखी जनुके त्याच वेळी जागी होतात. पण पेशी विभागताना ऑरोरा-बी हे विकर त्याच सेरीनावर फॉस्फेट बसवते, आणि तेव्हा क्रोमॅटिन कमालीचे आकसलेले असते. एकच खूण, दोन उलट परिस्थिती.

संकेतलिपीचा वाद : स्ट्राल व अ‍ॅलिस यांनी २००० मध्ये परिवर्तनांच्या जुळणीतून एक लिपी बनते असे मांडले. मांडणी लोकप्रिय झाली. वरील सेरीनाचे उदाहरण पाहता लिपी हा शब्द जरा मोठा वाटतो. खुणेचा अर्थ शेजारच्या खुणांवर आणि वेळेवर ठरतो. परिवर्तन हे प्रतिलेखनाचे कारण की त्याचा माग, हा खरा प्रश्न. फळमाशीत एच-३ चे ४ थे लायसीनच बदलून टाकले तरी पेशी जनुके चालू करू शकतात व संदेशांना प्रतिसादही देतात (२०१२). २७ वे लायसीन बदलले तर मात्र मिटवून ठेवलेली जनुके भलत्या ठिकाणी उघडतात (२०१३). म्हणजे काही खुणा कारक, काही केवळ पाऊलखुणा, असे खूणनिहाय उत्तर द्यावे लागते.

वैद्यक : अ‍ॅसिटिल उतरवणाऱ्या विकरांना रोखणारे व्होरिनोस्टॅट अमेरिकेत २००६ मध्ये त्वचेतील टी-पेशी लसिकार्बुदासाठी (लिम्फोमा हा कर्करोग) मान्य झाले. अपस्मारावर दीर्घकाळ दिले जाणारे व्हॅल्प्रोइक आम्लही हीच विकरे रोखते, हे २००१ मध्ये उमगले. २०१२ मध्ये लहान मुलांच्या मेंदूस्तंभातील अर्बुदांत एच-३ चे २७ वे लायसीन जाऊन मिथिओनीन आलेले आढळले. माणसात एच-३ घडवणारी जनुके दहाहून अधिक आहेत. त्यांतील एकाच्या एकाच प्रतीत हा बदल झाला तरी पेशीभर २७ व्या लायसीनावरील मिथिल खुणा ओसरतात.